सोलापूरच्या माळावरच्या रानमाश्यांचा अभ्यास कसा करायचा: माळवदाच्या भिंतीपासून डीएनएपर्यंत

मोहोळ तालुक्यात आमच्या आत्याचं जुनं माळवदाचं घर होतं, त्याच्या पूर्वेकडच्या मातीच्या भिंतीला पेन्सिल आत जाईल एवढी भोकं होती, शेकड्यानं. लहानपणी वाटायचं मुंग्यांची असतील. कॉलेजात झुऑलॉजी घेतल्यावर एका सकाळी त्या भिंतीपुढं अर्धा तास गप बसलो तेव्हा दिसलं की निळ्या पट्ट्यांची एक माशी येतीये, मागच्या पायांवर पिवळा पराग घेऊन, आणि बरोब्बर स्वतःच्याच भोकात शिरतीये. तालुक्याचं नाव मोहोळ, पण हिला मोहोळच नसतं. राणी नाही, कामकरी नाहीत, एकटी आई घर खणते, पराग भरते, अंडं घालते, तोंड लिंपून निघून जाते. तेव्हापासून मी या माश्यांच्या मागं आहे, आणि हे लिहितोय ते आपल्या भागातल्या कुणालाही, विद्यार्थी असो शिक्षक असो शेतकरी असो, हा अभ्यास पहिल्यापासून करता यावा म्हणून.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "आपल्याकडं कुठं जंगल आहे, माश्या बघायच्या तर कोकणात जा" असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. जगात मधमाशीच्या कुळातल्या माश्यांच्या २०,००० च्या वर जाती आहेत आणि त्यांची सगळ्यात जास्त विविधता घनदाट पावसाळी जंगलात नाही, तर कोरड्या, मोकळ्या, उन्हाच्या प्रदेशांत सापडते. कारण बहुतेक जाती जमिनीत घर करतात, त्यांना उघडी, कोरडी, तापणारी जमीन लागते. म्हणजे आपला माळ. भारतात सातशेच्या वर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या मध साठवणाऱ्या, पोळं करणाऱ्या अगदी थोड्या: आग्या, सातेरी, फुलोरी, परदेशातून आणलेली मेलिफेरा आणि डंख नसलेल्या बारक्या माश्या. बाकीच्या बहुतेक सगळ्या एकट्या राहणाऱ्या किंवा लहान कुटुंबानं राहणाऱ्या. त्यांनाच मी इथं रानमाश्या म्हणतोय.

माशी ओळखायला डोळा बसवा

पहिला महिना जाळं घ्यायचं नाही, काही पकडायचं नाही, नुसतं बघायचं. तुळस, सब्जा, दगडीपाला, तरवड, रुई यापैकी एखादं फुललेलं झाड निवडा आणि सकाळी १५ मिनिटं समोर बसा. सुरुवातीला निम्म्या "माश्या" या आपल्या मधमाशीच्या कुळातल्या नसतातच. दोनच पंख, डोकं भरून डोळे आणि अगदी आखूड मिशा असतील तर ती फुलांवरची सिर्फिड माशी, ती पट्टे घालून मधमाशीचं सोंग घेते. कंबर बारीक, अंग चकचकीत, केस जवळजवळ नाहीत, तर गांधीलमाशी किंवा कुंभारीण. खऱ्या मधमाशीच्या कुळातल्या माशीच्या अंगावर केस असतात आणि ते भिंगाखाली बघितले तर पिसासारखे फाटे फुटलेले दिसतात, पराग त्यातच अडकतो. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, या कामात त्याच्याएवढी उपयोगी वस्तू नाही.

मग पराग कुठं ठेवलाय ते बघायला शिका, एवढ्यावरच निम्मी वर्गवारी होऊन जाते. पोटाच्या खालच्या बाजूला पिवळा गालिचा असेल तर ती मेगाकाइल कुळातली, म्हणजे पानं कापणारी किंवा डिंक-माती लिंपणारी. मागच्या पायांवर केसांचा झुपका असेल तर अमेजिला, नोमिया, हॅलिक्टस अशा जमिनीत-भिंतीत घर करणाऱ्या वंशातली कुठली तरी. मागच्या पायावर चकचकीत खोलगट टोपली आणि त्यात ओला गोळा असेल तर पोळ्यातली मधमाशी किंवा डंख नसलेली. आणि पराग ठेवायला काहीच नाही, अंग टणक, उडणं चोरट्यासारखं, तर ती कोकिळमाशी असण्याची शक्यता, तिच्याबद्दल पुढं सांगतो.

आपल्याकडं हमखास भेटणाऱ्या काही. काळा मोठा भुंगा, झायलोकोपा, शेवगा आणि रुईवर असतो, जुन्या वाशात किंवा वाळल्या घायपाताच्या दांड्यात बोगदा पाडतो. लोक याला किडा समजतात पण हा मधमाशीच्याच कुटुंबातला, एपिडी. निळ्या पट्ट्यांची अमेजिला तुळशीवर हवेत थांबून थांबून रस पिते. तुरीच्या फुलावर मेगाकाइल, फूल दाबून उघडतात आणि पोट घासतात. दगडीपाल्यावर आणि गोखरूवर हॅलिक्टिड कुळातल्या बारक्या माश्या, यातल्याच काही उन्हाळ्यात आपल्या हातावरचा घाम चाटायला येतात. आणि मुंगीएवढी, हिरवी-निळी चमकणारी सेराटिना, ती गुलाबाच्या छाटलेल्या फांदीच्या भेंडात घर करते. कॉलनीत गुलाब असेल तर छाटलेल्या टोकाला गोल भोक आहे का बघून या.

जागा आणि वेळ

तीन जागा निवडा, जास्त नको. एक माळाची, एक शेताची, एक वस्तीतली. माळाला गायरान किंवा पडीक मुरमाड रान चालतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी काढल्याशिवाय काही गोळा करायचं नाही, साधी माशीसुद्धा नाही, ते कायद्यानं संरक्षित क्षेत्र आहे. अभ्यास शिकायला अभयारण्याबाहेरचा माळ पुरतो. शेताला डाळिंबाची बाग आणि शेजारी तूर असेल तर उत्तम, म्हणजे एकाच बांधावर दोन वेगळ्या प्रकारचे पाहुणे दिसतात. वस्तीत तुमचं अंगण, शाळेची बाग, नाहीतर सिद्धेश्वर तलावाकाठची झाडी. फक्त किल्ला, पाण्याची टाकी, मोठे वड यांना आग्याची मोहोळं लटकलेली असतात, त्यांच्या खाली थांबू नका, अत्तर लावून जाऊ नका, विडी-सिगारेटचा धूर करू नका. एकट्या माशीला भ्यायचं कारण नाही, मुठीत दाबली नाही तर ती सहसा डंख मारत नाही. आग्याशी मात्र खेळ नको.

माती नीट बघा, आपल्या भागात हा मुद्दा फार मोलाचा आहे. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यात घर टिकणं अवघड. म्हणून घरं शोधायची ती मुरमाच्या उतारावर, बांधाच्या उभ्या कडेला, पायवाटेवरच्या टणक उघड्या जागेत आणि पडक्या मातीच्या भिंतीत, गढीच्या बुरुजात. माळवदं पाडून स्लॅब झाले तसं गावातलं माश्यांचं हे घर गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या गावात एखादी पडकी भिंत उरली असेल तर तिची नोंद आत्ताच करून ठेवा, भोकं मोजा, फोटो काढा.

वेळापत्रक पिकाच्या आणि पावसाच्या हिशोबानं लावा. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ झाली की खणणाऱ्या जाती बाहेर पडतात. श्रावण-भाद्रपदात मूग, तीळ, तरवड, दगडीपाला, हा सगळ्यात भरगच्च काळ. दिवाळीच्या आसपास तूर आणि सूर्यफूल, नंतर करडई, फेब्रुवारी ते एप्रिल शेवगा आणि कडुलिंब. डाळिंबाचं तुमच्या भागात कोणता बहार धरलाय, मृग, हस्त की आंबे, त्यावर ठरेल. मे महिन्यात फार थोडं दिसतं, पण तेव्हाही जावं, कारण "नाही" हीसुद्धा नोंद असते. उन्हाळ्यात सकाळी ७ ते १०, थंडीत साडेनऊ ते बारा. तुरीची फुलं उशिरा उमलतात म्हणून तिथं जरा ऊन वर आल्यावर जा.

संध्याकाळी एक चक्कर वेगळी मारा. अंधार पडायच्या आधी वाळलेल्या काड्यांवर अमेजिलाचे नर जबड्यानं काडी धरून, पाय सोडून, ओळीनं झोपलेले दिसतात. नरांना घर नसतंच, भोक आईचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बॅटरी बंद करून तिथंच उभा राहिलो होतो कितीतरी वेळ.

मोजणी

आता मोजायचं. ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्टा आखा, दोन्ही टोकांना दगड रंगवून ठेवा म्हणजे दर वेळी तोच पट्टा राहील. १५ मिनिटांत हळू चालत फुलावर बसलेली प्रत्येक माशी लिहायची. दर पंधरा दिवसांनी, तीच वेळ, वर्षभर. वहीत तारीख, वेळ, तापमान, ढग, वारा, फूल कोणतं, माशी कोणती, पराग घेत होती की नुसता रस, नर की मादी. नर-मादी कळायला मिशांचे भाग मोजतात, मादीला १२ आणि नराला १३, पण शेतात ते जमत नाही, तिथं पराग वाहतीये का एवढं बघा, पराग वाहणारी म्हणजे मादीच. नाव येत नसेल तर "काळी, पोट लाल, तीळाएवढी, क्रमांक ७" असं लिहा आणि पुढं तेच कायम वापरा. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा खरं वर्णन हजार पटीनं बरं.

रंगीत वाट्यांचा सापळाही वापरतात, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वाट्यांत पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण, माश्या फूल समजून उतरतात आणि बुडतात. बारक्या हॅलिक्टिड यानं चांगल्या सापडतात, पण सापळा आंधळा असतो, मरायला नको ते पण मरतं. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यानं महिन्यातून एक दिवस, सहा वाट्या, सकाळी ठेवून दुपारी उचलाव्यात, त्यापेक्षा जास्त नाही.

वर्षाअखेर हिशोब असा. समजा २४ प्रकार सापडले, त्यातले ८ फक्त एकदाच दिसले आणि ४ दोनदा. एकदाच दिसलेल्यांचा वर्ग करा, ६४, त्याला दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीनं भागा, म्हणजे ८ नं, उत्तर ८. ते २४ मध्ये मिळवलं की ३२. म्हणजे त्या जागी निदान ३२ प्रकार असावेत आणि तुमच्या नजरेतून आठेक सुटलेत. याला चाओ-१ म्हणतात, कागदावर होतं, आणि आपण अजून किती बघायचं राहिलंय ते याच्याइतकं सरळ दुसरं काही सांगत नाही.

पकडणं, फोटो, नमुना

पकडून सोडायची असेल तर हलकं जाळं, पारदर्शक डबी, आणि बर्फाच्या पिशवीवर पाच-दहा मिनिटं. माशी सुस्तावते, तेवढ्यात फोटो घ्यायचे: समोरून चेहरा, पाठ, बाजूनं पोट, मागचा पाय आणि पंख पसरलेला, शेजारी मोजपट्टी. मोबाईलला क्लिप लावायची मॅक्रो लेन्स पुरते. मग उन्हात ठेवली की ती उडून जाते. पंखाचा फोटो कधीच चुकवू नका, पंखातल्या शिरांचे कप्पे हा ओळखीचा पाया आहे, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ ओळीनं येणारे कप्पे (सबमार्जिनल) मेगाकाइलला दोन असतात आणि अँड्रिना या दुसऱ्या वंशाला बहुधा तीन, हॅलिक्टिडची एक शीर धनुष्यासारखी ठळक वाकलेली असते.

पण खरं सांगायचं तर नुसत्या फोटोवर जातीपर्यंत पोचता येत नाही, विशेषतः बारक्या काळ्या माश्यांत. तिथं नमुना लागतो. गरजेपुरताच घ्या, एका प्रकाराच्या दोन माद्या दोन नर, त्यावर नको. इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत किंवा फ्रीजरमध्ये मारायची, छातीच्या मध्याच्या जरा उजवीकडून कीटकांची पिन घालायची, आणि लगेच, त्याच दिवशी, लेबल. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, फूल, गोळा करणाऱ्याचं नाव. माझे पहिल्या वर्षाचे जवळजवळ साठ नमुने वाया गेले, अर्ध्यांना लेबल "नंतर लावू" म्हणून ठेवले होते आणि उरलेले डर्मेस्टिड किड्यांनी पावसाळ्यात पोखरून भुगा केले. त्या साठ जीवांचं मला अजून वाटतं, म्हणून इतक्या आग्रहानं सांगतोय. पेटी घट्ट झाकणाची घ्या, नॅफ्थलीन घाला, आणि पावसाळ्यात दर महिन्याला उघडून बघा.

नाव लावायला सी. टी. बिंगहॅम यांचा १८९७ चा ग्रंथ, ब्रिटिश इंडियाच्या प्राणीमालिकेतला, आजही उघडावा लागतो, पण त्यातली बरीच नावं आता बदललीत, त्यामुळं ते नाव आजच्या जागतिक यादीशी ताडून घ्या. आधी कूळ, मग वंश, आणि जात शेवटी तज्ज्ञाकडून. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम केंद्र आहे, बंगळुरूत अत्री (ATREE) या संशोधन संस्थेच्या संग्रहालयात कीटकांचा मोठा साठा आहे. फोटो आयनॅचुरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, तिथं जाणकार लोक चुका दुरुस्त करतात.

उत्क्रांती बघायची म्हणजे काय

आपण ज्या काळ्या पाषाणावर उभे आहोत तो दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. माश्या त्याच्याहून जुन्या, १२ कोटी वर्षांच्या आसपासच्या. सोलापूरचा दगड तयार व्हायच्या कितीतरी आधी जगात माश्या उडत होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्यांचा उगम आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जोडलेल्या होत्या त्या भूभागात दाखवलाय. आणि गुजरातमध्ये खंभातच्या भागातल्या ५ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत माश्या सापडल्यात.

त्यांचे पूर्वज शिकारी होते. आणि हे बघायला म्युझियम लागत नाही. ज्या भिंतीत अमेजिला घर करते, त्याच भिंतीवर काळी-पिवळी कुंभारीण मातीची कोठी बांधून त्यात डंखानं लुळे केलेले कोळी भरते, पिल्लाची शिदोरी. मधमाशीनं तेच केलं, फक्त कोळ्याच्या जागी पराग भरला. नात्यानं बघितलं तर ही कोळी भरणारी कुंभारीण मधमाशीला जवळची आहे, पोळं करणारी गांधीलमाशी तिच्यापेक्षा लांबची. दोघींचं वेळापत्रक एकाच वहीत समोरासमोर लिहा: किती फेऱ्या, कोठी किती दिवसांत भरली, तोंड कसं लिंपलं.

दुसरा प्रयोग वाळक्या काडीचा. भेंड असलेल्या वाळक्या फांद्या गोळा करून चाकूनं उभ्या चिरा. सेराटिनाच्या घरात पिल्लांचे वेगवेगळे कप्पे, मध्ये भुश्याच्या भिंती, प्रत्येकाला परागाचा एक गोळा एकदाच दिलेला. ब्राउनसापिस नावाच्या दुसऱ्या बारक्या माशीच्या घरात भिंतीच नाहीत, सगळी पिल्लं एकत्र आणि आई रोज भरवते, कधी दोन-तीन माद्या एकत्र राहतात. दोघीही एकाच मोठ्या घराण्यातल्या. एकटेपणापासून एकत्र राहण्यापर्यंतचा रस्ता कसा असेल त्याचे हे दोन मुक्काम, आणि ते एकाच बांधावरच्या काड्यांत मिळतात. फोटो काढून झाला की फांदी दोऱ्यानं बांधून परत ठेवा.

तिसरी गोष्ट कोकिळमाशीची. थायरियस, काळ्या अंगावर निळे ठिपके, दिसायला अतिशय सुंदर, अमेजिलाच्या भोकावर घिरट्या घालते आणि आत अंडं टाकून पळते. सीलिऑक्सिस हेच मेगाकाइलच्या घरात करते आणि ती स्वतः मेगाकाइलचीच जवळची नातेवाईक. दोघींनी पराग वाहायचे केस गमावलेत, कारण गरजच उरली नाही. भिंतीवर कोकिळमाशी दिसली तर समजा यजमानांची वस्ती चांगली भरलेली आहे, नसते तर ती जगली नसती.

आणि फुलांची बाजू विसरू नका. तरवड, वांगं, टोमॅटो, काटेरिंगणी यांचा पराग मिठाच्या डबीसारख्या बंद नळीत असतो, वरच्या भोकातून तो झटकूनच काढावा लागतो. भुंगा, अमेजिला, नोमिया फूल धरून छातीचे स्नायू थरथरवतात, "झ्झ्झ" असा वेगळा आवाज येतो, उडण्यापेक्षा चढा. पोळ्यातल्या मधमाश्यांना हे येत नाही. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि कुठल्या जाती असा आवाज काढतात याचा तक्ता करा, वांग्याच्या एका सरीत आठ दिवसांत होण्यासारखं काम आहे आणि शेतकऱ्याला लगेच पटतं.

डीएनए, सगळ्यात शेवटी

इथं कॉलेज किंवा विद्यापीठाची लॅब लागते. नमुन्याचा मधला एक पाय काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीजरमध्ये, पायाला आणि पिनवरच्या माशीला एकच क्रमांक. सीओआय नावाच्या, केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रियात असणाऱ्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून घेतात, तो जेनबँक किंवा बोल्ड या डीएनएच्या जागतिक संग्रहांतल्या नोंदींशी ताडतात. मग मेगा नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या माश्यांचे हे अक्षरक्रम एकाखाली एक जुळवून नात्यांचं झाड काढायचं, बाहेरचा नातेवाईक म्हणून त्याच कुंभारणीचा क्रम घालायचा म्हणजे झाडाचं मूळ कुठं ते ठरतं, आणि प्रत्येक फांदीवर किती भरवसा ठेवायचा त्यासाठी बूटस्ट्रॅप, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा उलटसुलट निवडून झाड तपासायची चाचणी, चालवायची. दोन धोके लक्षात ठेवा: पेशीत राहणारा वोल्बाकिया जिवाणू या जनुकाचा इतिहास गोंधळात टाकू शकतो, आणि कधीकधी केंद्रकात जाऊन पडलेली जुनी नक्कल वाचली जाते. म्हणून एकट्या सीओआयवर "नवीन जात सापडली" असं कधी म्हणू नका. नर, मादी, पंख, डीएनए सगळं एकच सांगत असेल तेव्हाच. आणि घराण्या-घराण्यातली जुनी नाती ठरवायला हा एक तुकडा पुरत नाही, त्याला जनुकसंचातले शेकडो तुकडे लागतात.

ज्यांच्या बांधावर पट्टा आखलाय त्यांना दर दोन महिन्यांनी वही दाखवा. आमच्या एका डाळिंबवाल्या काकांना फुलावरच्या माश्यांचे आकडे दाखवले, फवारणीच्या आधीचे आणि नंतरचे, तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं की मग फवारा कधी मारू. फुलोऱ्यात शक्यतो नकोच आणि मारायचाच तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, असं सांगितलं. बांधाची मुरमाची कड जेसीबीनं साफ करायची होती, तीही त्यांनी ठेवली, दहा फूट. आत्याची भिंत मागच्या पावसात बसली, पण त्या दहा फुटांत या तीळाच्या हंगामात भोकं दिसायला लागलीत, मी दर रविवारी मोजतोय.